नवव्या पेटीचं पाणी

मुलांनो, एक कल्पना करा. चुलीवर भांडं रटरटतंय आणि तुम्ही झाकण उचललंत. झाकणाच्या आतल्या बाजूनं थेंब ओघळतायत. त्यातला एक बोटावर घ्या, फुंकर घाला, जिभेला लावा. खाली भांड्यात मूठभर मीठ पडलेलं असलं तरी थेंबाला मीठ नाही. वाफ वर जाते, मीठ खालीच बसून राहतं. एवढं नीट ध्यानात ठेवा.

आता भांड्याच्या जागी सिमेंटचा उथळ हौद धरा, आतून काळा रंगवलेला. झाकणाच्या जागी तिरकी काच. आणि चुलीच्या जागी ट्युनिशियाच्या दक्षिणेतलं जूनचं ऊन.

बीर हमीमा गावाबाहेर अशा नऊ काचपेट्या एका ओळीत मांडलेल्या आहेत. पहिली पंपाच्या खोलीपाशी, नववी थेट शत्तच्या काठाला. शत्त म्हणजे मिठाचं मैदान, नजर जाईल तिथवर पांढरं. वरून कडक पापुद्रा, खाली चिखल, आणि त्यात वाट चुकून परत न आलेल्या माणसांची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. गावातली पोरं नवव्या पेटीच्या पुढे पाऊल टाकत नाहीत. टाकलं तर घरी मार बसतो, आणि तो कोणत्याही घरी बसतो.

पेट्या रबेह सांभाळायची. शहरात सहा आठवडे राहून ती हे काम शिकून आली होती. गावातल्या बायका तिला ‘सूर्याची सून’ म्हणायच्या, थोडं कौतुकानं, थोडं चिडवायला. रोज पहाटे ती हौदांत दोन बोटं उंचीचं विहिरीचं मचूळ पाणी सोडायची, काचांवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसायची, आणि मग उरलेलं काम ऊन करायचं. वाफ काचेला लागायची, थेंब घसरत खालच्या पन्हळीत जायचे, पन्हळीतून नळीत, नळीतून डब्यात. टप्. टप्. टप्. संध्याकाळपर्यंत एका पेटीचे सतरा लिटर. कधी साडेसोळा, सतराच्या वर कधीच नाही. उन्हाचं पाणी अगदी बेचव लागतं, म्हणून प्रत्येक डब्यात ती विहिरीचा एक पेला ओतायची. तेवढ्यानं तोंडाला चव यायची.

तीस उंबऱ्यांचं पिणं त्यावर चालायचं. पहिल्या दिवशी भांडं भरल्यावर शेजारच्या मबरूकानं आनंदाच्या भरात काचेचा मुका घेतला होता आणि ओठ भाजून घेतले होते. त्यानंतर आठवडाभर ती सगळ्यांना ओठ दाखवत हिंडली. पोरांची पोटं दुखायची थांबली. गाव खूश होतं.

ते पाणी न पिणारा माणूस गावात एकच होता, आणि तो रबेहच्याच घरात होता. तिचा बाप, बलगासिम.

बीर हमीमात कोणी आपल्या हातानं पाणी घेऊन पीत नाही. दुसऱ्यानं द्यायचं. पिऊन झालं की पिणारा म्हणतो, “तुझ्या आईबापांवर अल्लाहची दया असो.” देणारा म्हणतो, “आमच्या आणि तुमच्याही.” मगच वाटी खाली ठेवायची.

“घ्या बाबा,” रबेह वाटी पुढे करायची.

“कोणी दिलं हे?”

“मी देतेय ना.”

“आणि तुला कोणी दिलं?”

“काचेनं.”

“मग काचेच्या आईबापांसाठी दुआ मागू? त्या म्हातारा-म्हातारीची नावं तरी सांग.”

रबेहची दहा वर्षांची मुलगी हनिया खुदकन हसायची. रबेहला हसू यायचं नाही.

“मी रोज काचा पुसते, बाबा. माझा हात नाही का त्यात?”

“आहे की. पण तुझा बाप मीच. स्वतःसाठीच दया मागत बसू? लोक म्हणतील, म्हातारा फारच हावरा झाला.”

आणि तो विहिरीचं पाणी मागायचा, ते मचूळ पाणी सावकाश प्यायचा, आणि विहीर खोदणाऱ्यांच्या आईबापांचं भलं चिंतायचा.

मे महिन्यात त्याचे पाय सुजले. सकाळी डोळ्यांखाली पिशव्या दिसू लागल्या. रबेह त्याला तालुक्याला घेऊन गेली. डॉक्टरनं तपासण्या पाहिल्या आणि तिला बाजूला बोलावलं.

“सत्तर वर्षांचे आहेत ना? जन्मभर हे मीठ पोटात गेलंय. मूत्रपिंडं थकली आहेत. आता रोज दोन लिटर गोडं पाणी, बाकी काही नाही. ऐकलं नाही तर खजूर उतरायच्या आत मशीनवर घ्यावं लागेल, आणि मशीन इथून शंभर कोसांवर आहे.”

परतताना बसमध्ये बलगासिम म्हणाला, “पोरगा हुशार वाटला. लग्न झालंय का त्याचं?”

“बाबा, तो काय म्हणाला ते ऐकलंत का?”

“ऐकलं. बहिरा नाही मी, नुसता सुजलोय.”

घरात दुसरं मोठं माणूस नव्हतं. हनियाचा बाप दूर स्फाक्स शहरात बांधकामावर होता. जे करायचं ते रबेहलाच करायचं होतं. तिनं आधी विनवण्या केल्या, मग भांडली, मग युक्ती केली. बापाला जुन्या पखालीच्या पाण्याची आठवण यायची, हे तिला ठाऊक होतं. बाजारातून तिनं बकरीच्या कातड्याची पखाल आणली, तिला आतून कतरान चोपडलं. कतरान म्हणजे झाडाच्या लाकडापासून काढलेलं काळं, उग्र डांबर. मग तीत पेटीचं पाणी भरून तिनं ती तीन दिवस सावलीत टांगली.

बलगासिमनं वाटी नाकाशी नेली आणि खाली ठेवली.

“बाजारचा माल. त्यात शीह नाही.”

“शीह?”

“ते कडू झुडूप. आधी ते चोळायचं कातड्याला, मुठीमुठीनं, हात हिरवे होईपर्यंत. मग कतरान. नाहीतर कातडं मेलेलंच राहतं.”

“तुम्हाला येतं?”

“मला नाही.”

“मग कोणाला येत होतं?”

म्हातारा उठला आणि वाटीतलं पाणी त्यानं डाळिंबाच्या बुंध्याशी ओतलं. एक थेंबही बाहेर सांडू दिला नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नवव्या पेटीनं अठरा लिटर दिले.

रबेहनं डबा तिरका करून पाहिला, सरळ करून पाहिला. अठराच. दुसऱ्या दिवशी एकोणीस. तिला आनंद झाला, आणि आनंदाच्या मागोमाग शंका आली. पंपाचा पाइप कुठे फुटून विहिरीचं पाणी पन्हळीत झिरपत असेल. तसं असतं तर पाणी खारट लागलं असतं. तिनं क्षार मोजायचं मीटर बुडवलं. आकडा शून्यावर स्थिर राहिला.

मग शहीली सुटली. तो वारा दक्षिणेकडून येतो आणि आला की तीन दिवस मुक्काम करतो. आकाश विटकरी झालं. काचा पुसून वळावं तोवर त्यांच्यावर पुन्हा धूळ. ऊन आत शिरायला जागाच नव्हती. आठ पेट्यांनी दिवसाला दोन-दोन लिटर दिले. नवव्या पेटीनं तिन्ही दिवस एकोणीस दिले.

तिसऱ्या संध्याकाळी रबेहनं खुणा केलेली काठी नवव्या हौदात उभी केली. सकाळी पाणी दोन बोटं होतं. आताही दोन बोटं होतं. एकोणीस लिटर बाहेर आले होते आणि आतलं थेंबभरही कमी झालं नव्हतं.

गावात तीस घरं कोरड्या घशानं बसली होती. तिनं आधी पाणी वाटायचं आणि मग घाबरायचं ठरवलं. वाटताना मबरूका म्हणाली, “सूर्याच्या सुने, आज तर तुझा सासरा दिसलाच नाही आकाशात. कुठून आणलंस?” रबेह म्हणाली, “देणाऱ्यानं दिलं.” मबरूकानं तिच्या आईबापांचं भलं चिंतलं. “आमच्या आणि तुमच्याही,” रबेह म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिला आपण दुसऱ्या कोणाच्या वतीनं बोलतोय असं वाटलं.

वारा पडल्यावर तिनं हे काम शिकवणाऱ्या शहरातल्या मास्तरांना फोन लावला.

“मीटर बिघडलं असेल,” ते म्हणाले.

“मीटर ठीक आहे, मास्तर.”

“मग काठी चुकली असेल.”

“काठी कशी चुकेल?”

“बाई, पाणी तर नाही ना चुकणार!” आणि ते हसून आपल्या कामाला लागले.

दोन दिवसांनी तिनं नवव्या पेटीच्या डब्याचं झाकण उघडलं, आणि वास आला. कतरानचा. बाजारातल्यासारखा भडक नव्हता. मुरलेला, जुना, आणि त्याच्या आड काहीतरी हिरवं, कडवट. तिनं काच उचलून हौदात डोकं घातलं. हौदाला ओल्या सिमेंटचा वास होता, बस्स. पन्हळ हुंगली, काही नाही. वास फक्त नळीतून पडणाऱ्या पाण्याला होता. मीटर शून्यच दाखवत होतं.

त्याच दुपारी हनिया पंपाच्या खोलीत आली.

“उम्मी, नववी पेटी थांबते.”

“थांबते म्हणजे?”

“मी पिईपर्यंत थांबते.”

रबेह तिच्यासोबत गेली. ऊन डोक्यावर होतं आणि शत्तकडे पाहवत नव्हतं. हनियानं डबा बाजूला सरकवला आणि नळीखाली वाटी धरली. थेंब पडले नाहीत. धार पडली, अंगठ्याएवढी जाड. वाटी भरली तशी ती आपोआप थांबली. नळीच्या तोंडाशी एक थेंबही लोंबत नव्हता.

हनिया प्यायली. वाटी पुन्हा धरली. धार पुन्हा आली.

“आता गंमत बघ,” ती म्हणाली.

तिनं भरलेली वाटी ओठांना नुसती लावली, प्यायल्याचं सोंग केलं, आणि दुसरी वाटी नळीखाली नेली. काही आलं नाही. ती तशीच थांबली. मग तिनं खरोखर एक घोट घेतला. गळ्याखाली घोट उतरला, तशी धार आली.

पखालीतून पाणी पाजणारा माणूस असंच पाजतो. एका हातानं पखालीचं तोंड आवळून धरतो आणि पिणाऱ्याच्या गळ्याकडे बघत राहतो.

नळी उपटून टाकावी, काच फोडावी, असं रबेहच्या मनात आलं. पण घरात तिचा बाप दोन दिवस अंथरुणावरून उठला नव्हता. त्याच्या पायावर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि भरायचाच नाही.

डबे वाहायची हातगाडी तिनं घराशी नेली.

“कुठे नेतेस मला? विकायला?”

“तुम्हाला गिऱ्हाईक कोण मिळणार, बाबा?”

“फुकट देऊन टाक. पण घर चांगलं बघ.”

पहिली पेटी गेली, तिसरी गेली, त्याची बडबड चालूच होती. सातव्या पेटीपाशी तो गप्प झाला. नाकपुड्या हलल्या. मग त्यानं हातगाडीच्या कडेला हात टेकला आणि कोणाचा आधार न घेता खाली उतरला.

तो नळीसमोर मांडी घालून बसला. हनियानं वाटी पुढे केली. त्यानं ती घेतली नाही. दोन्ही हातांची ओंजळ केली.

पाणी आलं. ओंजळीपुरतं.

थांबलं.

तो प्यायला.

पुन्हा आलं.

किती वेळ चाललं, हे रबेहला सांगता आलं नसतं. म्हातारा लहान मुलासारखा पीत होता, हनुवटीवरून ओघळ येत होते. शेवटी त्यानं ओले हात तोंडावरून फिरवले.

“आपल्या आईबापांवर अल्लाहची दया असो,” तो म्हणाला.

उत्तर आलं नाही. निदान रबेहला तरी ऐकू आलं नाही. पण बलगासिमनं मान हलवली, उत्तर ऐकलेला माणूस हलवतो तशी, आणि मगच हात मांडीवर ठेवले.

संध्याकाळी घरी चहा झाल्यावर तो आपणहून म्हणाला, “मला एक भाऊ होता. मिफ्ताह.”

रबेहनं हे नाव आयुष्यात ऐकलेलं नव्हतं.

“मी बारा वर्षांचा, तो वीसचा. पलीकडच्या बाजाराहून शत्तमधून येत होतो. शहीली सुटली, वाट हरवली. गाढव चिखलात गेलं. पखाल एकच, त्यानंच केलेली. मला तो ओंजळीत पाजायचा, थोडं थोडं, एकदम प्यायलो तर ओकून टाकीन म्हणून. मी प्यायचो, झोपायचो, उठून पुन्हा मागायचो. एकदा उठलो तर पखाल माझ्या उशाशी होती, अर्धी भरलेली, आणि तो नव्हता. वाट शोधायला गेला असेल. मला दुसऱ्या दिवशी मीठ काढणारी माणसं सापडली.”

“आणि ते?”

“त्यानंतर मी गोडं पाणी प्यायलो नाही. जमलंच नाही. घशाशी आलं की त्याचा हात दिसायचा.” त्यानं पेला फिरवला. “एवढं पाजलं त्यानं मला, आणि मी एकदाही विचारलं नाही, तू प्यायलास का?”

हनिया दाराशी बसून ऐकत होती. “मग आज का नाही विचारलंत, जद्दी?”

“लाज वाटली गं,” म्हातारा म्हणाला.

त्या दिवसापासून तो पाणी पिऊ लागला, कोणत्याही पेटीचं, कोणीही दिलेलं. मधेच रबेहला हाक मारायचा, “सूर्याच्या सुने, आण एक वाटी, काचेच्या म्हातारा-म्हातारीचं भलं करू.” जुलै संपेपर्यंत पायांची सूज उतरली. ऑगस्टात डॉक्टरनं कागद दोनदा वाचले आणि विचारलं, “काय केलंत?” रबेह म्हणाली, “तुम्ही सांगितलं तेच.” मशीनचं नाव निघालं नाही. परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून रडली, आणि बापानं ते न बघितल्यासारखं केलं.

नववी पेटी पुन्हा सतरा लिटर देऊ लागली. हौदातलं पाणी रोज कमी व्हायचं तेवढं कमी होऊ लागलं. वास गेला. रबेहनं कोणाला काही सांगितलं नाही. फक्त पहाटे काचा पुसायला ती आता नवव्या पेटीपासून सुरुवात करायची, आणि पुसून झालं की क्षणभर काचेवर तळवा ठेवायची.

ऑगस्टच्या शेवटच्या दिवसांतली एक दुपार. रबेह पंपाच्या खोलीत नळ्या धूत होती. दारातून तिनं पाहिलं, हनिया नवव्या पेटीपाशी वाटी भरतेय. भरून ती घराकडे वळली नाही. पेटीला वळसा घालून सरळ पुढे गेली, शत्तमध्ये.

रबेह ओरडली नाही. ओरडलं तर पोरगी दचकेल आणि पापुद्रा फुटेल, हे तिला कळत होतं. ती नुसती धावली.

पंधरा-वीस पावलांवर हनिया थांबली, वाकली, वाटी मिठावर ठेवली आणि एक पाऊल मागे आली.

“तुम्ही प्यायलात का?” तिनं विचारलं. मोठ्यानं नाही. जेवायला बसलेल्या पाहुण्याला विचारावं तसं.

रबेहनं तिचा दंड धरला तेव्हा तिची नजर वाटीवर गेली.

वाटीतलं पाणी एका घोटाएवढं खाली गेलं. थांबलं. पुन्हा एक घोट. थांबलं. कडेवर ओली रेघ राहिली, ती उन्हात लगेच वाळली. आणखी एक घोट. वाटी जागची हलली नाही. तिच्याखाली मीठ कोरडं होतं.

वाटी रिकामी झाली.

“चल,” रबेह पुटपुटली. “चल घरी.”

हनिया वाटीकडे बघत नव्हती. ती वाटीच्या डावीकडे बघत होती. मग उजवीकडे. मग लांब, त्या पांढऱ्या सपाटीवर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू नजर नेत.

“सावकाश,” ती म्हणाली. “सगळ्यांना मिळेल.”

ती आईशी बोलत नव्हती.

मग तिनं आपला दंड अलगद सोडवून घेतला, पळत घरी गेली, आणि घरात होत्या तेवढ्या सगळ्या वाट्या घेऊन आली.